पाठीवरचं भूस

आज सकाळी चिखलीचा जकात नाका मागे टाकून अर्धा मैल गेलो असेन-नसेन, तोच माझ्या कानातला वारा बंद पडला. कमी झाला नाही, बंद पडला. गिरणीचा पट्टा सुटावा आणि इतका वेळ आपण गिरणीजवळ उभे होतो हे तेव्हा कळावं, तसं झालं. पहिल्यांदा वाटलं, संपलं, बहिरे झालात वैजनाथ मास्तर. काल डॉक्टरनं पिचकारी मारली त्यात पडदा गेला. म्हणून घंटी वाजवून पाहिली. घंटी ऐकू आली, नको इतकी खणखणीत. मग साखळीची करकर ऐकू आली, मडगार्डचा सैल स्क्रू, पिशवीतल्या डब्यात हिंडणारा चमचा. आणि मग अगदी पाठीशी उभं राहून बोलावं तसं कुणीतरी म्हणालं, "चुना दे बे इकडं, कवाचा मागून राह्यलो!" मी ब्रेक दाबून मागे पाहिलं. सडकेवर कुणी नव्हतं. पार लांब, दोन शेतं सोडून, गव्हाच्या कडेला दोन मुंडाशी बसलेली दिसत होती. एवढ्या लांबून त्यांचा चुना माझ्या कानात आला होता. माझ्याच चाकांनी उडवलेली धूळ मागून सावकाश आली, माझ्या अंगावरून गेली आणि पुढे निघाली, जणू तिलाच शाळेत वेळेवर पोचायचं होतं. वारा मागून होता, माझ्याच वेगानं, माझ्याच दिशेनं. मागून वारा असला की सायकलवरच्या माणसाच्या कानात वारा नसतो, आणि मागची हाक आपण होऊन पुढे चालत येते. चौथीच्या पोरांना सांगावी इतकी साधी गोष्ट. पण मी खाली उतरलो आणि सडकेच्या कडेला सायकलला टेकून उभा राहिलो.

बारा वर्षं मी हा रस्ता तुडवतो आहे. आधी सावंगी सात मैल होती. मग मैलांचे दगड गेले, किलोमीटरचे आले, आणि सावंगी अकरा किलोमीटर झाली. पाय तेवढेच दुखतात. सकाळी उगवतीकडे जायचं, संध्याकाळी मावळतीकडे परतायचं, आणि माघ सरला की पाऊस लागेपर्यंत वारा मावळतीचा, म्हणजे दमून घरी येताना नेमका तोंडावर. पहिल्या वर्षी मला त्याची गंमत वाटायची. डाव्या कानात तो वेगळा वाजतो, उजव्यात वेगळा. चढावर फडफडतो, उतारावर त्याची घरघर होते. मान जरा तिरपी करून गाल वाऱ्याला दिला की एक कान सुटतो. पण मग समोरून येणाऱ्या लोकांना वाटतं मास्तर रुसले. पुढे मी मफलर बांधायला लागलो, भर चैत्रात. लोक हसले. मफलरच्या आत वारा शिरून आणखी वाजतो हेही कळलं. शेवटी कापूस. चिखलीत कापसाला तोटा नाही, जिनिंगच्या फाटकाशी गाड्यांवरून गळलेला पाहिजे तेवढा पडलेला असतो. सरकी काढायची, खोबरेल तेलात बोटं बुडवून बोळा वळायचा, आणि कानात. सात वर्षं मी बोळ्याशिवाय सायकलवर टांग टाकलेली नाही. पोरं मला मागून बोळामास्तर म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि ऐकू येत नाही असं दाखवायला बोळे सोयीचेच पडतात.

पण गेल्या वर्षापासून तो वारा घरात यायला लागला. जेवताना, वह्या तपासताना, दार-खिडक्या लावलेल्या असताना कानात तीच घरघर. मी बायकोला, प्रेमलाला, म्हणायचो, बाहेर वारा सुटलाय का गं? ती ताटावरून मान वर करून म्हणायची, "कुठला वारा? चिमणी तर हलून नाही राह्यली." चिमणीची ज्योत सरळ उभी असायची. शेवटी काल तिनंच मला दवाखान्यात धाडलं. डॉक्टरनं डाव्या कानातून एक जुना काळा पडलेला बोळा चिमट्यानं काढून ताटलीत ठेवला, पिचकाऱ्या मारल्या, लोखंडाचा नादकाटा वाजवून कानाशी धरला आणि म्हणाला, "कान घोड्यासारखे आहेत, मास्तर. आवाज कुठून येतो ते मला दिसत नाही. पण हे बोळे आजपासून बंद. कान मोकळे ठेवा." म्हणून आज सात वर्षांनी मी उघड्या कानांनी निघालो, मफलर नुसता गळ्यात टाकून. आणि उघड्या कानांनी पहिल्याच सकाळी माझी गचांडी धरली.

खरं म्हणजे धरायची वेळच आली होती. पाच दिवसांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, सावंगीची मनकर्णाबाई आमच्या घरी आली. पुंजाजीची बायको. पुंजाजी जाऊन सात वर्षं झाली; त्यांचं शेत आणि खळं सावंगीच्या अलीकडे सडकेला लागून आहे, म्हणजे मी रोज दोनदा तिथून जातो. उंबऱ्याशी बसून तिनं चहा घेतला, पिशवीतून शेरभर हरभरा काढून प्रेमलापुढे ठेवला, आणि म्हणाली, "पंचफुलाचं जमलं. वैशाखातली तिथ हाये. मास्तर, मले भाऊ नाही, तुमाले ठाऊक हाये. पोरीले तुमी शिकवलं. मामा म्हनून तुमी उभे राहा." मी काही बोलायच्या आत प्रेमलानं होकार देऊन टाकला. तिला मूल नाही; कुणाच्या लग्नात नात्यानं उभं राहायचं म्हटलं की ती हरखते. त्याच दिवशी तिनं पेटीतून माझा लग्नातला फेटा काढून उन्हात टाकला. मामानं मुलीला हाताला धरून आणायचं असतं, अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. भटजी हाक देतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. ती हाक मला त्या उंबऱ्याशीच ऐकू यायला लागली, आणि तिच्यावर वाऱ्याची घरघर चढली. मनकर्णाबाई काय बोलत होती ते मग मला नीट कळलंच नाही. मी नुसता मान हलवत होतो.

पुंजाजीचं सांगायला हवं. माणूस चांगला, पण चिवट. आठवड्यातून तीनदा तरी तो मला सडकेवर अडवायचा. पेपरात काय आलं, कापसाचं काय होणार, महाराष्ट्र झाला म्हणजे आता आपल्याला नागपूरला जायचं का मुंबईला, आणि सगळ्यांच्या शेवटी अर्ज. शेजाऱ्यानं त्याच्या शेताची वाट बांध घालून बंद केली होती आणि तहसीलदाराला द्यायचा अर्ज माझ्या हातचा पाहिजे होता. माझं अक्षर चांगलं, हा माझा गुन्हा. मी तीन आठवडे त्याला उद्या म्हणत होतो. राज्य झालं त्याच्या पुढच्या फाल्गुनातली गोष्ट, होळी होऊन तीन-चार दिवस झाले होते. बुलढाण्याहून मेहुणा यायचा होता आणि प्रेमलानं लवकर या म्हणून बजावलं होतं. संध्याकाळी मी सावंगीहून निघालो, विहिरीजवळचा लिंब ओलांडला, फर्लांगभर पुढचं खळं ओलांडलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं की पुंजाजी दिवस बुडायच्या वेळी त्या लिंबाखाली बसलेला सापडला, छातीला हात लावून, गेलेला.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. माणसं घोंगडीवर बसली होती. मनकर्णाबाई आतल्या दाराशी, पदर पुढे ओढून. पुंजाजीचा चुलतभाऊ किसनराव म्हणाला, "मास्तर, तुमी बी त्याच टायमाले तिकून गेले असान?" एवढंच म्हणाला. गेलो होतो, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "गेलो, पण वारा समोरून होता, कानात नुसती घरघर. मला काही ऐकू आलं नाही." काही ऐकू आलं का, असं कुणी विचारलंच नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. माझ्या कपाळाला घाम आला. पण किसनराव चांगला माणूस, त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "वाऱ्यात कोनाले आयकू येते, मास्तर." मग घोंगडीवरचे सगळेच हो हो म्हणाले. सायकलवर कानात वारा फार, कुणी म्हणालं. मोटारची पोंगी ऐकू येत नाही, दुसरं कुणी म्हणालं. मनकर्णाबाईनं एकदा पदर मागे करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी ते दुःख समजलो. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा कानात बोळे घातले.

आणि आता गंमत अशी की सात वर्षांत मला ते खरं वाटायला लागलं होतं. खोटं बोलणारा माणूस आपलं खोटं आठवून ठेवतो म्हणतात. माझं तसं नाही झालं. रोज संध्याकाळी तोच वारा, त्याच ठिकाणी, तसाच तोंडावर. दिवसातून एकदा साक्षीदारच उभा राहायचा: बघ, असा होता वारा, यात कशी ऐकू येईल हाक? मी त्याला मान द्यायचो आणि पुढे जायचो. आज सकाळी त्या कडेला टेकून उभा असताना मला पहिल्यांदा दुसरंच काही आठवलं, आणि तेही कानातलं नाही, पाठीतलं. त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा मेहुणा ओट्यावर बसला होता. प्रेमला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या मागे जाऊन ओरडली, "अगं बाई, पाठ भरून भूस! कुठं लोळून आलात?" आणि तिनं पंच्यानं माझी पाठ झटकली. मेहुणा हसला, म्हणाला, मास्तर शाळेतून येतात का खळ्यातून? पुढून सदरा स्वच्छ होता. भूस मानेवर होतं, पाठीवर होतं, सायकलच्या मागच्या कॅरिअरला अडकलेलं होतं. सगळी संध्याकाळ मी पाठ खाजवत होतो. समोरून वारा असता तर भूस पाठीवर कसं पडलं असतं?

तिथून मग सगळंच उलगडत गेलं, शिवण उसवल्यासारखं. त्या दिवशी पायडल हलकं होतं. मी म्हटलंही होतं मनाशी, आज बरं चाललंय, लवकर पोचू. कानात वारा नव्हता. लिंब ओलांडला तेव्हा बांधावरून कुणी चढून सडकेवर येतंय हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं. मग हाक आली, "मास्तर!" भरल्या गळ्याची, रोजच्यासारखी. माझ्या मनात एकच शब्द आला: अर्ज. मी मान खांद्यात घातली. हो, घातली, ती खांद्यात जाताना कॉलर कशी टोचली तेही मला आता आठवतं. दुसरी हाक, "ओ मास्तर, थांबा नं!" मी पायडल दाबलं. तिसरी हाक पूर्ण नव्हती. नुसता 'मा' होता आणि पुढे काही नाही. ती अर्धी राहिली हे मला तेव्हाही कळलं होतं. मला वाटलं, कंटाळला. खळ्यावर एक बाई उंच तिवईवर उभी राहून टोपल्यातून गहू सोडत होती, तिचं तोंड दुसरीकडे होतं. भुसाचा ढग सडकेवर येत होता, त्यातून मी डोळे मिटून गेलो.

शाळेत मी आज काय शिकवलं ते मला विचारू नका. तिसरीला शुद्धलेखन घातलं आणि एकच वाक्य तीनदा सांगितलं. पोरांनी बिचाऱ्यांनी तीनदा लिहिलं. वर्गात वाऱ्याचा पत्ता नव्हता, भिंतीवरचा नकाशा सरळ लोंबत होता, आणि माझ्या कानात घरघर चालूच होती. दुपारच्या सुट्टीत मी हिशेब मांडत बसलो, म्हणजे मनाचा. न सांगता मामा म्हणून उभं राहिलो तर काय होईल? काहीच होणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पंचफुला हाताला धरून येईल, मी तिच्या पाठीशी उभा राहीन, लोक तांदूळ टाकतील. ज्या बापाच्या हाकेला मी थांबलो नाही त्याच्या मुलीला मी हाताला धरून आणीन. आणि कानातला हा आवाज मरेपर्यंत जाणार नाही, हे मला डॉक्टरपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं. सांगितलं तर? मनकर्णाबाई मला हाकलून देईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, प्रेमला फेटा पुन्हा पेटीत ठेवील आणि कारण विचारील. मला दोन्हींची भीती वाटत होती. पण त्यातल्या त्यात दुसरी भीती एका संध्याकाळची होती. शाळा सुटल्यावर मी सायकल काढली ती सरळ खळ्यावर नेली.

उफणणी चालू होती. आज वारा सकाळपासून चांगला होता, मावळतीचा, भुसाची पट्टी लिंबाच्या दिशेनं पांढरी पसरली होती. मनकर्णाबाई एकटीच होती. पंचफुलाला स्वयंपाकाला घरी धाडलं म्हणाली. मला पाहून ती तिवईवरून उतरली, टोपलं पालथं घातलं, चिमूटभर भूस उचलून डोक्यावर धरलं आणि सोडून ते कुठं जातं ते पाहिलं. ही तिची सवय आहे. खळ्यावर काम करणारी माणसं घड्याळ पाहावं तसा वारा पाहतात.

"बसा मास्तर. पानी देऊ?"

मी मफलर काढून तिवईवर टाकला. म्हटलं, "मनकर्णाबाई, मला मामा म्हणून उभं राहता येणार नाही."

"काऊन? प्रेमलाबाईचं मन नाही काय?"

"तिचं मन आहे. माझंच..." मी सायकलचं हँडल धरून बोलत होतो, तिच्याकडे न पाहता. "त्या दिवशी पुंजाजीनं मला हाक मारली होती. मला ऐकू आली होती. तीनदा मारली. मला वाटलं अर्जाचं असेल. मी थांबलो नाही."

तिनं खराटा उचलला आणि राशीच्या कडेनं दोन वेळा ओढला. मग म्हणाली, "हाव. मले ठाऊक हाये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधीपासून?"

"तुमी घोंगडीवर बसून बोलले तवापासून. वारा समोरून होता म्हनले तुमी. त्या दिवशी वारा उगवतीचा होता, मास्तर. सारा फागुन मावळतीचा चालला, अन् त्या दिवशी दुपारी फिरला. मी तिवई उचलून इकडची तिकडं मांडली. भूस सारं सडकेवर जाऊन राह्यलं होतं. तुमची पाठ भरली, मी सोता पाह्यली."

सात वर्षं. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तहसीलदाराला काय वाटेल ते सांगावं, इन्स्पेक्टरला सांगावं, बायकोलाही सांगावं. पण दिवसभर वाऱ्याच्या अंदाजानं टोपलं धरून उभी राहिलेल्या बाईला वाऱ्याबद्दल खोटं सांगायचं? इतका गाढवपणा शहरात राहणारा माणूसच करू जाणे. आणि तिनं हे ओठांत धरून मला येता-जाता माठातलं पाणी दिलं होतं, पंचफुलाच्या हाती हुरडा धाडला होता. मला एकदम तिचा राग आला. लाज वाटली की माझं असंच होतं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? चार माणसांत सांगायचं, मास्तर खोटं बोलतो म्हणून."

ती राशीजवळ बसली. मूठभर गहू घेऊन बोटांतून सोडायला लागली, सावकाश, जणू निवडायचे आहेत.

"लिंबापासून खळं किती लांब हाये, मास्तर?"

"फर्लांगभर."

"वारा तिकून इकडं येऊन राह्यला होता. तुमी सायकलवर, पुढं पळून राह्यले होते. मी इथं उभी होती, एका जागी." तिनं मूठ पुन्हा भरली. "मले नसन काय आयकू आलं?"

मी हँडल सोडलं. सायकल तिवईवर आदळली आणि तशीच राहिली.

"आयकलं मी. तिनी आयकल्या. म्हनलं, यायले मास्तर सापडले, आता घंटाभर अर्जाचं गाऱ्हानं लावतीन. तिसरी अर्धीच आली, अन् तुमी तं निघून गेले, तवा म्हनलं, थकले वाटते हाका मारून. मांगं वळून नाही पाह्यलं. वारा मोठा चांगला होता, मास्तर. तसा वारा सापडत नाही. अन् उगवतीचा वारा म्हंजे पानी येईन असं भेव वाटे. म्हनलं दहा-बारा टोपले होऊन जाऊ दे." तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "दिवस बुडाला तवा गेली मी. हात लावला तं गार होते."

दोघांपैकी कुणीतरी रडायला हवं होतं, पण कुणीच रडलं नाही.

"दुसऱ्या दिवशी तुमी म्हनले आयकू आलं नाही. किसनराव म्हनले वाऱ्यात कोनाले आयकू येते. सारे हो म्हनले. मंग मले कोनी इचारलंच नाही. मलेबी आयकू नव्हतं आलं, असं होऊन गेलं. तेवढ्यावर सात वर्सं काढले, मास्तर. तुमच्या त्या एका बोलन्यावर. कधीमधी मले वाटे, वारा खरंच समोरून असन, मीच इसरली." तिनं हातातले गहू राशीवर टाकले. "आता तुमी म्हनता आयकू आलं."

मी ओझं टाकायला आलो होतो, आणि मला कळलं की ते ओझं म्हणजे तिच्या घराची थुणी होती, छप्पर तोलून धरणारी. ती मी काढून घेतली होती, आणि तेही खरेपणाच्या तोऱ्यात. माझ्या खोटेपणाची लाज मला सकाळपासून वाटत होती. आता खरेपणाचीही वाटायला लागली.

"मग मामा मलाच का केलंत?" मी विचारलं. मला वाटतं मी ते जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"मंग कोनाले करू? त्यायची अखेरची हाक आयकलेले दोघंच हाओत आपन. पोरीच्या मांगं दोघंबी उभे असले पायजे." तिनं गुडघ्यावर हात टेकून उठत म्हटलं. "वैशाखात येजा. पंचफुलाले काही सांगू नका. उलीसा वारा राह्यला, मी चार टोपले करून घेते."

ती तिवईवर चढली. मी सायकल उचलली, सडकेवर घेतली, टांग टाकली. वारा तोंडावर आला. उघड्या कानांत तो सात वर्षांत असा शिरलाच नव्हता. बोळ्यांआडून येत होता ती नुसती त्याची कुजबुज होती. डाव्या कानात एक, उजव्यात एक, आणि मध्ये माझं डोकं. मान तिरपी करून पाहिली, खाली घालून पाहिली. मग सोडून दिलं, वाजू दे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याला वाऱ्याचं कारण होतंच. पुढच्याच किलोमीटरच्या दगडाशी समोरचं काही दिसेना म्हणून उतरलो आणि दगडावर पाय ठेवून उभा राहिलो. आपण वैशाखात जाणार हे मला ठाऊक होतं. जाऊन बरं वाटणार नाही हेही ठाऊक होतं.

कुणीतरी माझी बाही ओढली. मी इतका दचकलो की सायकल हातातून सुटली. मनकर्णाबाई होती. धापा टाकत होती, कासोटा खोचलेला, केसांत भूस, आणि हातात माझा मफलर. खळ्यापासून तिथवर ती धावत आली होती.

"कवाच्या हाका मारून राह्यली, मास्तर! घसा सुकला. आयकू नाही आलं?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग, ती बघतच राहिली म्हणून, "खरंच नाही आलं, मनकर्णाबाई." माझा आवाज मला ऐकू आला. तो त्याच घोंगडीवरचा आवाज होता, तेच शब्द होते, कपाळाला तसाच घाम. त्यात आणि यात काय फरक आहे ते मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली वाकून सडकेवरची चिमूटभर माती उचलली, हात उंच धरला, तिवईवर धरते तसा, आणि बोटं उघडली. माती तिच्या खांद्यावरून मागे गेली, खळ्याच्या दिशेनं, लिंबाच्या दिशेनं. ती दिसेनाशी होईपर्यंत ती वळून पाहत राहिली.

"हाव," ती म्हणाली आणि मफलर माझ्या हातात दिला. "आज नसन आलं."